कै. प्रेमला बोंद्रे यांच्या नावापुढची 'एक वृक्ष वाचविला' ही नोंद काढून टाकण्याबाबत

दिनांक : १७ ऑक्टोबर २०२२

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
हरित अंत्यसंस्कार साहित्य कक्ष,
रायपूर, छत्तीसगड.

विषय : अर्जदाराच्या पत्नीला गोकाष्ठावर नव्हे, लाकडावर अग्नी दिला असल्याने प्रशस्तिपत्र परत घेण्याबाबत व फलकावर तिचे नाव न लिहिण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. २ व १९ सप्टेंबरचे हिंदी अर्ज. २) दुसऱ्या अर्जावरील आपल्या कक्षाचा शेरा : 'लाकूड वापरल्याचा पुरावा जोडावा.'

सन्माननीय महोदया,

खाली सही करणारा अर्जदार वासुदेव मारोतराव बोंद्रे, वय ७४, रेल्वेतील सेवानिवृत्त स्लीपर तपासनीस, राहणार गुढ़ियारी, आपणांस कळवितो की याच कामाचा हा त्याचा तिसरा अर्ज आहे. पहिले दोन हिंदीत होते. आपल्या कक्षातले बाबू विनायकजी अर्जदाराला बाकावर बसलेला पाहून कंटाळले असावेत, ते हळूच म्हणाले, "मॅडम अमरावतीच्या हायेत काका. मराठीत लिहून द्या, खुद वाचतील." म्हणून हा मराठीत. हिंदीत अर्जदाराला मागणी करता येते, पण घडलेलं सांगता येत नाही.

अर्जदाराची लाकडाशी ओळख जुनी. रुळांखाली सिमेंटचे स्लीपर आले त्याआधी ते लाकडाचे असत, इकडचे बहुतेक सालवृक्षाचे. डेपोत थप्पी लागली की अर्जदार प्रत्येक स्लीपरवर हातोडीचा ठोका देई. आवाज खणखणीत आला तर पास, भद्द आला तर बाद. आतली पोकळी कानाला कळते, डोळ्यांचं तिथे काम नसतं. अठरा वर्षे हे केलं. किती जंगल त्या हातोडीखालून गेलं ते अर्जदाराने मोजलं नाही, कारण मोजायची छाती झाली नाही. पत्नी प्रेमला मात्र सोडत नसे. म्हणायची, "तुमी इकडं पास म्हनता, अन् तिकडं झाडाचा जीव जाते."

तिने काटोलजवळच्या माहेरून आंब्याची कोय आणून घरासमोर लावली होती. झाड मोठं झाल्यावर अर्जदाराने त्यात कपडे वाळत घालायची तार बांधण्यासाठी रुळाचा एक खिळा ठोकला. या खिळ्याच्या डोक्याला दोन कान असतात. याचा एक कान तुटलेला, म्हणून तो भंगारात निघाला होता. प्रेमला संतापली. "जित्या झाडात खिळा काहून ठोकला?" आठ दिवस बोलली नाही. मग त्याच तारेवर तिने सदतीस वर्षे पातळं वाळत घातली. सालीने हळूहळू खिळा गिळला, डोकं तेवढं बाहेर राहिलं.

यंदा मार्च महिन्यात ते झाड तोडण्यात आलं. कारण आपल्या दप्तरी असेलच, तरी लिहितो. आपल्या कक्षाने गल्लीच्या तोंडाशी 'वृक्ष वाचवा, गोकाष्ठ वापरा' असा मोठा फलक लावला होता, आणि आंब्याच्या फांद्यांमुळे तो रस्त्यावरून दिसत नव्हता. अर्जदाराने फांद्या छाटून देतो म्हटलं. कामावरचे लोक म्हणाले, आदेश झाडाचा आहे, फांद्यांचा नाही. प्रेमला ओट्यावर बसून शेवटपर्यंत पाहत होती. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही.

संध्याकाळी ती अर्जदाराला म्हणाली, "मी मेली त मले लाकूड नोका लावू. शेणाचंच लावजा." शेणाचे दाबून केलेले ओंडके, ज्यांना आपण गोकाष्ठ म्हणता, त्याबद्दल ती बोलत होती. फलकाचा राग तिने गोकाष्ठावर काढला नाही. गाय रोज शेण देते, सालवृक्ष पुन्हा उभा राहायला माणसाचा जन्म जातो, एवढं तिला कळत होतं. अर्जदाराने हो म्हटलं. बावन्न वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही बहुधा एकच गोष्ट.

ती ९ ऑगस्टला पहाटे गेली. मुलगा स्वानंद हैदराबादला, पुरामुळे गाड्या रद्द, म्हणून सगळं अर्जदारालाच करायचं होतं. मुक्तिधामाच्या खिडकीवर गोकाष्ठाची पावती फाडून झाली. अर्जदाराने सही केली. मग कोठाराचे रखवालदार धर्मपाल यांनी दार उघडून दाखवलं. आत गोकाष्ठ नव्हतं. पावसात माल वाळला नव्हता, आणि वाळलेला होता तेवढा नव्या राजधानीतल्या प्रदर्शनात मांडायला नेला होता. अर्जदार म्हणाला, पावती बदलून लाकडाची द्या. खिडकीवरून उत्तर आलं, "बाबूजी, ऑनलाइन चढ़ गया है, अब नहीं बदलेगा. लकड़ी ले लो, कौन देखता है."

आता जे सांगायचं आहे ते अर्जदाराने मागच्या दोन्ही अर्जांत लिहिलं नव्हतं.

धर्मपाल यांनी लाकडाच्या थप्पीकडे बोट केलं आणि म्हणाले, "देख लो बाबूजी, जो ठीक लगे." बाकी कुणी असता तर म्हणाला असता, द्या कोणतंही. अर्जदाराने खालचा एक दगड उचलला आणि ओंडक्यांवर ठोके द्यायला लागला. बायको बाहेर तिरडीवर, वर पाऊस, आणि हा माणूस लाकूड पास करत होता. सवयच ती. बहुतेक ओंडके ओले, आवाज भद्द. कोपऱ्यात पत्र्याखाली पाच महिने वाळलेलं एक लाकूड होतं, ते खणखणीत वाजलं. अर्जदाराच्या एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, आणि दुसऱ्याने त्या दिवशी धड दिसत नव्हतं. त्याने मान हलवली. त्या लाकडाचे चारही तुकडे त्यानेच निवडले.

चिता रचली गेली. अर्जदार खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या मारू लागला. पहिल्या दोन फेऱ्यांत काही दिसलं नाही. तिसऱ्या फेरीला तिच्या पायांशी, खालच्या ओंडक्यात, सालीतून बाहेर आलेलं खिळ्याचं डोकं दिसलं. एक कान तुटलेला. मानेवर तार घासून पडलेली खाच.

महोदया, अर्जदाराने थांबा म्हणायला हवं होतं. शब्द तोंडाशी आला होता. गल्लीतली वीस-बावीस माणसं छत्र्या धरून उभी होती, कुणाला कामावर जायचं होतं, बाईला लाकडावर ठेवून झालं होतं. उतरवून न्यायचं कुठे, आणि दुसरं आणायचं काय? अर्जदाराने मडकं टाकलं आणि अग्नी दिला. तिचं झाड तिच्याखाली घालून त्याने तिला जाळलं, आणि ते झाड निवडलंही त्यानेच. वाळलेलं असल्याने चांगलं पेटलं. लोक म्हणाले, नशीबवान बाई, पावसातही अडचण आली नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी सावडताना खिळा राखेत सापडला. धर्मपाल म्हणाले, "खीले वाली लकड़ी आरा मिल नहीं लेती, करवत टूटती है. इसलिए सब यहीं आती है." म्हणजे अर्जदाराने तो खिळा ठोकला नसता, तर त्या लाकडाची कुठेतरी दारं-खिडक्या झाली असती. रागाने आठ दिवस अबोला धरणाऱ्या बाईला हे तेव्हाच कळलं होतं असं अर्जदार म्हणत नाही. पण तिचा राग बरोबर होता.

त्यानंतर २९ ऑगस्टला टपालाने प्रशस्तिपत्र आलं : 'स्वर्गीय प्रेमला बोंद्रे यांनी अंतिम प्रवासात गोकाष्ठ स्वीकारून एका वृक्षाला जीवनदान दिले.' चौकट सोनेरी आहे. अर्जदार ते घेऊन आपल्या कक्षात आला, तेव्हापासून अकरा खेपा झाल्या. एकदा सांगण्यात आलं, नोंद कमी केली तर जिल्ह्याचे वाचलेले वृक्ष कमी होतात. एकदा सांगण्यात आलं, प्रशस्तिपत्र मयताच्या नावे असल्याने परत करण्याचा अर्ज मयतानेच करावा लागेल. अर्जदाराने तेव्हा विचारलं, निदान माझ्यासाठी तरी गोकाष्ठ आजच बाजूला काढून ठेवता येईल का? त्यासाठी मृत्यूचा दाखला मागण्यात आला.

आता कळतं की १ नोव्हेंबरच्या, राज्य स्थापनेच्या राज्योत्सवाच्या आठवड्यात 'वृक्षमित्र' मंडळींची नावं फलकावर लिहिली जाणार आहेत, आणि प्रेमलाचं नाव पहिलं आहे. फलक तोच, गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला. झाड गेल्यामुळे तो आता अर्जदाराच्या ओट्यावरूनही स्वच्छ दिसतो. मुलगा स्वानंद म्हणतो, "पापा, मम्मी का नाम आ रहा है, अच्छा ही है ना. किसको फ़र्क़ पड़ता है?" फरक तिला पडतो. तिचा शेवटचा शब्द मोडला गेला, आणि तो पाळला असं दारासमोर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं अर्जदाराने रोज सकाळी वाचायचं, हे त्याच्याने होणार नाही.

गोकाष्ठाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. ते कोठारात असतं, तर हा अर्जच लिहावा लागला नसता.

सबब विनंती की प्रशस्तिपत्र परत घ्यावं, फलकावर नाव लिहू नये, आणि आपल्या नोंदवहीत प्रेमलाच्या ओळीत 'गोकाष्ठ' खोडून 'लाकूड, आंब्याचे' असं लिहावं. वाचलेल्या वृक्षांतून एक वजा करावा. अर्जदाराची चूक आता दुरुस्त होणारी नाही. कक्षाची एका रेघेने होते, ती रेघ ओढावी. कक्षाने पुरावा मागितला होता, तो सोबत जोडला आहे.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारा,

वासुदेव मारोतराव बोंद्रे
गुढ़ियारी, रायपूर

सोबत :
१) प्रशस्तिपत्र, चौकटीसह.
२) दहनाची पावती.
३) रुळाचा खिळा, एक नग, एक कान तुटलेला, राखेतून सावडलेला. पाहून झाल्यावर कृपया परत मिळावा. त्याला बांधायला आता तार नाही आणि वाळत घालायला पातळं नाहीत, तरी परत मिळावा.