ब्रेंके यांचा प्रश्न

२ फेब्रुवारी, लोणावळा

ब्रेंकेंवरचं तिसरं प्रकरण संपलं. झकास झालंय! माझं मीच म्हणते, दुसरं कोण म्हणणार? रुडॉल्फ ब्रेंके — जर्मनीतले नाट्यसमीक्षक. पुस्तकांवरही लिहायचे. तीस वर्षं लोक त्यांच्या लेखणीला टरकून होते. मग ऐन भरात लिहिणं सोडलं. का, कुणालाच ठाऊक नाही. मी मेल करून सरळ विचारलंय. प्रकाशक म्हणतो, त्यांची परवानगी नसेल तर पुस्तक नाही. मिळेल. न मिळायला काय झालं!

८ फेब्रुवारी

काल मळवलीला जत्रेचं नाटक. अंबाजीभाऊ बापाच्या भूमिकेत. एरवी बंगल्यांची राखण करतात, पण गावच्या नाटकात वीस वर्षं बाप तेच. पहिला अंक बरा होता. मध्यंतरात सत्कार सुरू झाले. सरपंच, माजी सरपंच, मांडववाले, मांडववाल्यांचे मेहुणे — नारळ, टॉवेल, टोपी. मलाही नारळ मिळाला. तो घेऊन शेवटची लोकल गाठली. असल्या नाटकांचा शेवट मला पाठ आहे. बाप मरतो, मुलगा पाया पडतो.

आज सकाळी परीक्षण लिहून साप्ताहिकाला पाठवलं. 'अंबाजी मरतानाही प्रेक्षकांकडे बघत मरतात' — हे वाक्य जमलंय.

१५ फेब्रुवारी

छापून आलं. संपादक खूश.

१८ फेब्रुवारी

ब्रेंकेंचं उत्तर! "एका नटाच्या शेवटच्या प्रवेशाची मी टर उडवली. तो प्रवेश मी पाहिलाच नव्हता. गाडी गाठायची म्हणून आधीच उठलो होतो. तो नट पुन्हा रंगमंचावर आला नाही. मग मीही थांबलो. तुम्ही कधी न पाहता लिहिलंत का? खरं सांगा, मग परवानगीचं बोलू."

बिचारे. एवढ्यासाठी अख्खी कारकीर्द सोडली!

१९ फेब्रुवारी

कळवलं — "कधीच नाही." मळवलीचा अर्धा भाग राहिला म्हणा. पण तो पाहिल्यासारखाच होता.

२० फेब्रुवारी

परवानगी आली! "तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो," म्हणतात.

२२ फेब्रुवारी

अंबाजीभाऊ कात्रण घेऊन घरी आले. "ताई, सत्कारात लय येळ गेला, मग लाईट गेली. दुसरा अंक झालाच न्हाई. गावात समदे हसत्यात. मी म्हनलं, ताईंनी गेल्या सालचं ध्यानात ठिवून लिवलं आसंल."

गेल्या वर्षी मी गेलेच नव्हते.

"येत्या रविवारी ऱ्हायलेला अंक करतोय. तुमी या. मरताना लोकांकडं न्हाई बगनार."

लाज वाटली. ब्रेंकेंना लिहायला बसले आहे.