चाफा उत्तम आहे

५ जुलै
ह्यांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतरची तपासणी. मी रिसेप्शनवरच्या मुलीला शिस्त लावत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी माझंही ब्लडप्रेशर पाहिलं. म्हणाले, उल्काताई, मन शांत होईल असं काहीतरी शिका. माझं मन शांतच आहे. लोक नाहीत. तरी नाव घातलं इकेबानाच्या क्लासला. जपानी पुष्परचना. जपानी माणूस वक्तशीर, म्हणजे आमचं जमेल. पुढच्या महिन्यात त्यांचं प्रदर्शन आहे. माझी रचना मधोमध असेल.
ह्यांना जिना बंद. गच्चीवरच्या झाडांना पाणी मी घालायचं. त्यांचा जीव सोनचाफ्यात. कात्रजच्या नर्सरीतून रिक्षात मांडीवर धरून आणलेला. चार वर्षं झाली, एक फूल नाही. यंदा धरणार म्हणतात. बघू.

९ जुलै
पहिला क्लास. शिकवणारी नीरजा, तिशीतली. आवाज इतका हळू की मागच्या बाकावर पोचणार नाही. मागचा बाक नव्हता, हा भाग वेगळा. मंडईतून पाव किलो शेवंती आणि अर्धा किलो झेंडू नेला होता. नीरजाने पिशवीत हात घालून चाचपलं. मग म्हणाली, काकू, देठ कुठे आहेत? मंडईत फुलं वजनावर मिळतात, देठ कोण देतं? शेजारी जरीना शेख, पोस्टातून रिटायर्ड. तिने रस्त्यात पडलेली वाळकी काटकी आणली होती. तिचं कौतुक.
फुलापेक्षा फांदी मोठी. मोकळी जागा सोडायची. आणि कापण्याआधी झाडाकडे थोडा वेळ नुसतं बघायचं. हे शेवटचं मला वेळखाऊ वाटतं.

११ जुलै
सोसायटीच्या बागेत कण्हेरीची फांदी घ्यायला गेले. वॉचमन संभाजी म्हणाला, मॅडम, फुलं तोडू नयेत ही पाटी तुम्हीच लावलीय. खरं आहे. पाटी नेमकी आहे.
गच्चीवरून क्रोटनच्या दोन फांद्या घेतल्या. छाटलं की झाड जोमाने वाढतं, हे ह्यांचंच वाक्य. खाली आल्यावर ह्यांनी विचारलं, झाडं कशी आहेत? उत्तम, म्हटलं.

१६ जुलै
फांदी उभी राहायला खिळ्यांची जड चकती लागते. तिला केन्झान म्हणतात. मी अर्धा बटाटा वापरते. ताम्हणात पाणी, पाण्यात बटाटा, बटाट्यात जास्वंद. क्लासमध्ये सगळं नीरजाच्या मांडीवर कलंडलं. ती म्हणाली, होतं असं. शाळेत मी सुपरवायझर असताना कुणी असं पाणी सांडलं असतं, तर ‘होतं असं’ झालं नसतं.
घरी हे पूजेला बसले, तर ताम्हण नाही. देव वाटीत धुतले. ऑपरेशनने माणूस समंजस होतो.

२४ जुलै
सराव नियमित. मोगरा झाला, डाळिंब झालं, लिंबू होत आलं. गच्ची आता मोकळी दिसते. मोकळी जागा हेच तर तत्त्व. ह्यांना सांगणार होते, पण मनाला धक्का नको असं डॉक्टरांनी स्वच्छ बजावलंय. पथ्य म्हणजे पथ्य.
हे भिंत धरून हॉलमध्ये फेऱ्या मारतात. जिन्याची परवानगी मिळाली की आधी चाफा बघायचा, असं ठरवलंय. रोज विचारतात, चाफा कसा आहे? चाफ्याला मी हात लावलेला नाही. लावणारही नाही. लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाद नको.

२ ऑगस्ट
चाफ्याला कळी! पानाआड, एकच. खाली येऊन सांगितलं. हे छातीला उशी दाबून हसले, टाके दुखतात म्हणून. म्हणाले, उमलेल तेव्हा मी वर असेन. दोनदा म्हणाले.

८ ऑगस्ट
उद्या प्रदर्शन. नीरजा म्हणाली, रचनेत एखादी कळी असली तर बरं. उमलायचं अजून बाकी आहे, हे दिसतं. जरीना म्हणाली, भाभी, तुमच्यासाठी निशिगंधाची काडी आणू का? मी म्हटलं, नको, माझ्या घरचं आहे.
घरी येऊन ह्यांना गोळ्या दिल्या. चाफा कसा आहे? उत्तम.

९ ऑगस्ट, सकाळी
कापली. नियमाप्रमाणे आधी झाडाकडे बघितलं. थोडंच. पाणी भरायचं होतं. एक गेली की दुसरी कळी येतेच. हे जिना चढेपर्यंत येईल. सगळं विचारपूर्वक आहे.

संध्याकाळी
रचना मधोमध नव्हती. आग विझवायच्या लाल सिलिंडरशेजारी होती. मधोमध जरीनाची काटकी. तरी माझ्यापाशी लोक बराच वेळ थांबत होते. नंतर लक्षात आलं, तिथे पंखा होता. रचना तिथेच ठेवून आले. न्यायची कुठे?

११ ऑगस्ट
जरीना घरी आली, न सांगता. हातात ओलं फडकं, त्यात चाफा. उमललेला. ह्यांना म्हणाली, भाईसाहेब, भाभी प्रदर्शनातच विसरल्या. तुमच्या घरचा ना? आजारी माणसाला तेवढाच सुगंध, म्हणून आणला. ह्यांनी फूल हातात घेतलं. हुंगलं नाही. तिला म्हणाले, बसा, चहा घ्या. पोस्टातल्या पेन्शनची चौकशी केली.
ती गेल्यावर मी ह्यांची नाडी पाहिली. ठीक. म्हणजे धक्का वगैरे काही नाही. मी उगाच जपत होते.

१४ ऑगस्ट
डॉक्टरांनी जिना उघडला. कठडा धरून, सावकाश. घरी आल्याबरोबर मी काठी आणली, चपला नीट मांडून ठेवल्या. वर गेल्यावर जपानी पद्धत कशी समजावायची, तेही ठरवलं होतं. हे पेपर वाचत होते. म्हणाले, राहू दे. चहानंतर पुन्हा विचारलं. राहू दे, म्हणाले.
संध्याकाळी पाणी घालून खाली आले. दारात जरा थांबले. ह्यांनी विचारलं नाही. मी आल्याचं कळलं नसेल, म्हणून बादली वाजवून ठेवली. तरी नाही. शेवटी मीच सांगितलं, चाफा उत्तम आहे.
पेपर खाली न करता म्हणाले, कोण चाफा?