‘तो’ म्हणजे कोण?

हुडको, भिलाई
८ फेब्रुवारी २०२४

ती. पुंडलिकमामांस,
रीनाचा सप्रेम जयभीम.

पत्र पाहून चकित व्हाल. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट मोठ्याने बोलायची माझी हिंमत नाही. आई शेजारच्या खोलीतच असते.

सोमवारी आमच्या हथखोजच्या मिलमध्ये अपघात झाला. फकिराभाऊ फिटर रोलरखाली दुरुस्ती करत होते आणि रोलर सुरू झाला. त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. कंट्रोल रूममध्ये ड्यूटी माझी होती, म्हणून निरीक्षकांसाठी मला इंग्रजीत जबानी द्यायची आहे. शिफ्टचे चंदनसाहेब म्हणाले की नावं कशाला घालतेस, ‘ही’ आणि ‘हिम’ लिहून मोकळी हो. तशीच लिहिली आहे. तुम्ही जन्मभर स्टेशन मास्तरकी केली, ढीगभर रिपोर्ट लिहिले, म्हणून नक्कल पाठवते. फक्त इंग्रजी तपासा. १९ तारखेला सही करायची आहे.

मामा, फार भीती वाटते. जेवणाचा डबा उघडला की तो आवाज ऐकू येतो आणि घास उतरत नाही. मामींना जयभीम सांगा, पण बाकी काही सांगू नका.

तुमची भाची,
रीना

गोंदिया
१२ फेब्रुवारी

चि. रीनास,
अनेक मंगल कामना.

चष्मा पुसून पुसून चारदा वाचलं. आधी थोडी थट्टा. सहावीत तू माझ्यावर निबंध लिहिलास आणि आदरापोटी मला ‘दे’ केलंस. दे आर अ स्टेशन मास्टर! तुझ्या टीचरने विचारलं होतं की मुली, तुला मामा आहेत तरी किती. खोड अजून गेली नाही. फकिराभाऊंना आपण ‘ते’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत त्यांचे ‘दे’ होत नाहीत बाई.

आता थट्टा पुरे. तू लिहितेस, ‘ही टोल्ड हिम दॅट ही हॅड फिनिश्ड, सो दे रिमूव्ह्ड द टॅग.’ कोणी कोणाला सांगितलं? काम कोणाचं संपलं होतं? वाचणारा काही तुमच्या मिलमध्ये हजर नव्हता. तो मागे वळून जवळचं नाव शोधणार, आणि वरच्या ओळीत नाव एकट्या फकिराचंच आहे. म्हणजे सगळे ‘ही’ आणि ‘दे’ त्याच्याच माथी. यानेच टॅग काढला आणि यानेच हात घातला, असं निरीक्षक समजेल. दुरुस्तीआधी स्विचवर स्वतःच्या नावाचा लाल टॅग लावायचा, आणि ज्याचा टॅग त्यानेच काढायचा, हा तुमच्याकडचा नियम तूच मला सांगितला होतास.

आमच्या रेल्वेत ‘त्याने सांगितलं’ म्हणून गाडी सोडता येत नसे. कोणी, कोणाला, किती वाजता, हे लिहावं लागे. तूही प्रत्येक ‘ही’ आणि ‘दे’ खोड, तिथे नाव घाल आणि मग वाच.

आणखी एक. अख्ख्या जबानीत ‘आय’ कुठेच नाही. खोलीत तर तूच होतीस. मग तू काय करत होतीस? हे विचारताना मलाही धडकी भरली आहे, पोरी.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
पुंडलिकमामा

हुडको, भिलाई
१६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

पेन्सिलने नावं घातली. सांगणाऱ्याच्या जागी चंदनसाहेब बसले. काम संपल्याच्या जागी फकिराभाऊ. टॅग काढणाऱ्याच्या जागी मात्र कोणी बसेना.

मामा, टॅग मी काढला.

चंदनसाहेबांचा फोन आला की फकिराचं काम झालं, माल अडकून राहिला, टॅग काढ. मी जेवत होते. खिडकीतून रोलरवर कोणी दिसलं नाही. चमचा डब्यात ठेवला, उठले, टॅग काढला आणि रोलरचा स्विच चालू केला. खाली वाकून पाहिलं नाही. एवढंच करायचं होतं आणि तेवढंच केलं नाही.

साहेब म्हणतात, फकिराला नीट आठवत नाही, तेव्हा आपण कशाला आठवायचं. काल दुकानापाशी भेटले आणि आईची तब्येत विचारली. याआधी त्यांनी ती कधी विचारली नव्हती. तेव्हापासून दारावर कोणी हात ठेवला तरी मी आधी खिडकीतून पाहते. नाव लिहिलं तर नोकरी जाईल, केस होईल, आईकडे कोण पाहणार? आणि नाही लिहिलं तर? तुम्ही एकदा लिहा ना, की राहू दे म्हणून.

घाबरलेली,
रीना

हुडको, भिलाई
२० फेब्रुवारी

ती. मामांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र आलंच नाही. टपाल अडकलं की तुम्ही मुद्दाम लिहिलं नाही, हे विचारणार नाही.

काल नवी जबानी दिली. ‘चंदन टोल्ड मी दॅट फकिरा हॅड फिनिश्ड. आय रिमूव्ह्ड फकिराज टॅग अँड स्टार्टेड द रोलर. आय डिड नॉट लुक.’ साहेबांनी वाचली आणि कागद टेबलावर आपटला. इंग्रजी कोणी शिकवलं, असं विचारलं. मी सांगितलं नाही. आज गेटवर माझा पास चालला नाही. पुढे काय होईल माहीत नाही, आणि खरं सांगते, भीती तसूभरही कमी झालेली नाही.

गेटवरून तशीच दवाखान्यात गेले. फकिराभाऊंच्या बायको चंपाकाकू पायाशी बसल्या होत्या. जबानी इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली. वाटलं शिव्या देतील, तोंड फिरवतील. काकूंनी तोंड फिरवलंच. फकिराभाऊ मात्र माझ्याकडे टक लावून पाहत राहिले. सगळे येऊन सांगतात म्हणे, की तूच टॅग लावायचा विसरला असशील. पंधरा दिवस ऐकून ऐकून त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. तीस वर्षांत कधी विसरलो नाही, मग त्या दिवशीच कावून विसरलो, म्हणून रडत होते.

त्यांनी तीनदा विचारलं. मंग लावला होता ना मी? लावला होता ना?

मी तीनदा सांगितलं, की हो, तुम्ही लावला होता.

भाचीवर माया असू द्या.
रीना