सोयीची ओहोटी

रविवार, १ ऑक्टोबर २०१७

कालच्या नोंदीत दुरुस्ती. दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर आई मला काय म्हणाली, ते मी काल लिहिलं. "गुडघे कापून घेण्याआधी एकदा अशा समुद्रावर बसायचंय, जिथे मला कोणी ओळखत नाही." वाक्य बरोबर आहे. पण ते ती मला म्हणाली नाही, संगितावहिनीला म्हणाली. मी शेजारच्या खोलीत सांडलेली आपट्याची पानं गोळा करत होते.

तरी हेही लिहायला हवं, की त्याच वेळी वहिनीने मिक्सर सुरू केला. म्हणजे वाक्य बोललं गेलं वहिनीशी, पोचलं माझ्यापर्यंत. जबाबदारी पोचलेल्याची असते.

आमचा डहाणूजवळच्या नरपडचा समुद्र चिकूच्या वाडीच्या मागेच आहे. पण तिथे आईला पाच मिनिटं बसू देत नाहीत. येणारा जाणारा थांबतो. काकी, गुडघे कसे आहेत, भात कसं आहे, मयुराचं कुठे जमतंय का. तिसरा, माझ्या लग्नाचा प्रश्न तर सगळ्यांच्या खिशातच असतो.

ऑपरेशन वापीला, दोन्ही गुडघ्यांचं, सोमवारी २० नोव्हेंबरला. त्यानंतर कित्येक महिने वाळूत पाय टाकायचा नाही.

ठरलं. आईला मी गुहागरला नेणार. तिथला किनारा कोयत्यासारखा वळलेला आहे. पाऊस सरला आणि दिवाळी आली नाही, अशा मधल्या दिवसांत गर्दी नसते आणि दरही उतरलेले असतात. हे मी आईसाठी करते आहे. यात वहिनीशी स्पर्धा नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

सोमवार, २ ऑक्टोबर

गांधी जयंतीची सुट्टी. दिवसभर भरती-ओहोटीचा तक्ता केला.

लहानपणी मला दम्याचा त्रास होता, म्हणून तिसरीपर्यंत मी घरीच शिकले. आनंदीआत्याने शिकवलं. पाढ्यांबरोबर तिने भरतीही शिकवली. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पुढे सहा तासांनी ओहोटी. आमच्याकडे ओहोटीला पाणी इतकं आत जातं, की कपाळावर हात धरून शोधावं लागतं. भरतीला तेच पाणी सुरूच्या झाडांना टेकतं. हे न बघता समुद्रावर जाणारा माणूस मुंबईचा असतो.

आईला कडक, ओल्या वाळूवर चालायला हवं, तेही ऊन चढायच्या आत. म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या सुमारास. म्हणजे द्वितीया. तक्त्यात चार दिवस निघाले. ७ ऑक्टोबर. २१ ऑक्टोबर, पण ती भाऊबीज. ६ नोव्हेंबर. आणि २० नोव्हेंबर, पण ते ऑपरेशन.

७ ऑक्टोबर पक्का.

वहिनीला हे हिशेब येत नाहीत. ती फोटो बघते आणि बटण दाबते. तिच्या माहेरी, वाणगावात, समुद्र नाही. तिचा दोष नाही.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

आत्याची दुसरी शिकवण अशी, की घरातल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू नये. म्हणून सगळ्यांना विचारलं.

प्रितमदादा म्हणाला, भात कापायला आलंय आणि तुला फिरायचं सुचतंय. उभं भात टाकून समुद्र बघायला जाणारं घर या पट्टीत आजवर झालं नाही, आपलं पहिलं होऊ दे.

आत्या म्हणाली, दारातला समुद्र काय भाड्याने आणलाय का?

वहिनी म्हणाली, मस्त, बुक करून टाक.

एवढ्या लवकर हो म्हणणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. त्याने विचार केलेला नसतो. म्हणून मी तिला जेवणाचं, औषधांचं आणि रस्त्याचं असं एकेक करून विचारलं. ती म्हणाली, कुकर लावायचाय.

आईला विचारलं नाही. तिच्यासाठीच तर चाललंय.

बुधवार, ४ ऑक्टोबर

तलासरी. मी नोकरी करते त्या शाळेच्या ऑफिसात रजेचा अर्ज दिला. 'कारण' या रकान्यात खरं कारण लिहिलं. "आईला अनोळखी समुद्र दाखवणे."

मुख्याध्यापकांनी अर्ज दोनदा वाचला. मग म्हणाले, घरगुती कारण असं लिहा, सही करतो. मी म्हटलं, कारण घरगुती नाही, गुहागरचं आहे. खोटं लिहिणं मला जमणार नाही. ते म्हणाले, मग सहामाही परीक्षेत रजा देणं मलाही जमणार नाही.

अर्ज परत घेऊन आले. एका शब्दासाठी माणूस एवढा हट्टी असू शकतो. मी मुख्याध्यापकांबद्दल लिहिते आहे.

गुरुवार, ५ ऑक्टोबर. कोजागिरी

गुहागरच्या एका लॉजला फोन केला. मालकाचा सूर पहिल्यापासून चांगला नव्हता. मी एवढंच विचारलं, की त्या दिवसांत तुमच्याकडे डहाणू किंवा तलासरी तालुक्यातलं कोणी उतरणार आहे का. तो म्हणाला, का, भांडण आहे का? मी कारण समजावून सांगितलं आणि उतरणाऱ्यांची नावं मागितली. तो म्हणाला, बाई, रूम हवी की जनगणना करायचीय?

त्यानंतर ओहोटीला पाणी किती मागे जातं ते विचारलं. त्याने फोन ठेवला.

रात्री दूध आटवलं ते वहिनीने. जायफळ जास्त होतं. सगळे छान म्हणाले. मी फक्त एक पेला घेतला.

शुक्रवार, ६ ऑक्टोबर

सात तारीख रद्द. कारण दादा. उद्यापासून जिव्या माणसं घेऊन कापणीला येतोय. रूम बुक केलेली नव्हती आणि रजाही मिळालेली नव्हती, पण ती मूळ कारणं नव्हेत.

नवीन तारीख ६ नोव्हेंबर. आईला आज पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, गुहागर लांब असेल ना गं? मग म्हणाली, बघू, तोवर पाय चालले तर.

वहिनी तिथेच पोळ्या लाटत होती. तिने एकदा आईच्या पायांकडे बघितलं आणि पुढची पोळी लाटायला घेतली. माझी तारीख तिला मान्य झाली.

रविवार, ८ ऑक्टोबर

परतीचा पाऊस. काल जेवढं कापलं तेवढं भिजलं, उरलेलं आडवं झालं. शेतात घोट्याएवढं पाणी. जिव्या म्हणाला, पाणी निघेपर्यंत कोयता लागणार नाही. त्याची बायको रखमी जाताना मला म्हणाली, बाय, तू कुठेतरी लांबच्या समुद्रावर जाणार होतीस ना? हा बघ, शेतातच आला.

दादा ओट्यावर बसून आहे. वाईट वाटतं. पण काल गेलो असतो तर पावसात सापडलो असतो. म्हणजे न जाण्याचा माझा निर्णय बरोबर होता.

सोमवार, ९ ऑक्टोबर

वहिनीने डोकं वर काढलं. जेवताना म्हणाली, चार-पाच दिवस कापणी नाही, इथे बसून भाताकडे बघण्यापेक्षा बुधवारी आईंना गुहागरला नेऊन आणू. दादा भात कालवता कालवताच म्हणाला, चालेल. हाच तो उभं भातवाला.

मग ती मला म्हणाली, मयुरा, गाडीत जागा आहे, तूही चल, शाळेत मी फोन करू का? मी म्हटलं, तक्ता बघून कळवते.

बघितला. बुधवारी सप्तमी. ओहोटी साडेअकराला, रणरणत्या उन्हात, आणि पाणीही धड मागे जाणार नाही. हे सगळं मुद्देसूद लिहून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, सोबत तक्त्याचा फोटो. सगळ्यांच्या निळ्या खुणा आल्या. उलट उत्तर एकाचंही नाही. पटलेलं दिसतं.

बुधवार, ११ ऑक्टोबर. सकाळ

गेले.

सगळेच. आत्यासुद्धा गेली. दारातला समुद्र काय भाड्याचा, असं म्हणणारी आत्या. तिची पिशवी परवाच भरलेली होती म्हणे.

उजाडायच्या आधी वहिनीने माझं दार वाजवलं. म्हणाली, अजून वेळ आहे, आवर, थांबतो आम्ही. मी आतूनच सांगितलं, की ओहोटी सोयीची नाही. ती म्हणाली, मग चहा थर्मासमध्ये आहे, भाजी फ्रीजमध्ये.

वाद घालणाऱ्या माणसाशी निदान बोलता तरी येतं. हिच्याशी काय करायचं?

चहा प्यायले. साखर बरोबर होती. माझ्या कपाला किती लागते हे ती लक्षात ठेवते. असं लक्ष ठेवलेलं मला आवडत नाही.

त्याच दिवशी, दुपार

अर्ध्या वाटेवरून परत फिरतील असं वाटत होतं. निदान आई तरी म्हणेल, मयुरा नाही, फिरा मागे. पनवेल ओलांडल्याचा मेसेज आला.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

ग्रुपवर फोटो. आई प्लास्टिकच्या खुर्चीत, साडी पोटऱ्यांपर्यंत वर, पाय पाण्यात. बाजूला आत्या, डोक्याला टॉवेल. वेळ साडेअकराची. तक्त्याप्रमाणे त्या वेळी पाणी खुर्चीपर्यंत यायला नको होतं.

मी विचारलं, पाणी एवढं जवळ कसं? वहिनीच्या आवाजातला मेसेज आला. इथे किनारा उतरता आहे गं, पाणी आपल्यासारखं लांब जातच नाही. सकाळीही इथेच होतं. खुर्ची फक्त दोन हात पुढेमागे करायची. मागे कोणीतरी हसत होतं. बहुतेक लॉजचा मालक. एका लॉजच्या मालकाशी माझे आधीच बिनसलेले संबंध आहेत, तो हाच असणार.

म्हणजे तिथल्या समुद्राला शिस्त नाही. तक्ता चुकलेला नाही. तक्ता डहाणूचा आहे आणि डहाणूसाठी तो आजही बरोबर आहे.

आई फोटोत हसते आहे. उन्हामुळे डोळे बारीक झाले की माणूस हसल्यासारखा दिसतो.

शनिवार, १४ ऑक्टोबर

सगळे आले. आईचे पाय सुजलेत, पण ती न थांबता बोलते आहे. ज्या समुद्रावर कोणी ओळखत नाही, तिथे तिने दुसऱ्या दिवशीपर्यंत लॉजवालीला चिकूची कलमं कशी जपायची ते शिकवलं, आणि तिथे आता सगळे तिला काकी म्हणतात. तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही म्हणे. मी नव्हते म्हणून.

वहिनीने माझ्यासाठी कोकमाचं आगळ आणलं. आईने लॉजमधला छोटा साबण आणला, न फोडलेला. मी म्हटलं, हा त्यांचा आहे, परत पाठवायला हवा. आत्या म्हणाली, पाठव, सोबत तक्ताही पाठव.

सगळे पांगल्यावर मी आईला विचारलं. सहा नोव्हेंबरला मी नेणार होते ना? तुला माहीत होतं.

आई पाय चोळत होती. म्हणाली, "तू विचारत बसलीस, बाळ. ती आली आणि म्हणाली, चपला घाला."

यावर माझ्याकडे उत्तर आहे. योग्य वेळी देईन.

शनिवार, २१ ऑक्टोबर. भाऊबीज

दादाला ओवाळलं. त्याने ताटात पाकीट घातलं, त्यावरचं अक्षर वहिनीचं. आत चिठ्ठी. पुढच्या वेळी तू सांगशील त्या तिथीला जाऊ.

हा टोमणा आहे. तीनदा वाचला. दर वेळी तो कमी कमी टोमणा वाटत गेला, म्हणून वाचायचं थांबवलं.

सोमवार, ६ नोव्हेंबर

आजचा दिवस माझ्या तक्त्याचा. ओहोटी आठच्या सुमारास, वाळू कडक, हवा थंड. निघाले असते तर सगळं जमून आलं असतं. आई म्हणाली, आता एवढा प्रवास झेपत नाही गं. मग तलासरीला कामावर गेले. मुख्याध्यापक स्वतःहून म्हणाले, आता परीक्षा संपल्यात, हवी तर रजा घ्या. अर्ज नव्याने लिहावा लागला असता.

साबण अजून पाठवलेला नाही. पोस्टात विचारलं, खोकं लागेल म्हणाले.

शनिवार, ११ नोव्हेंबर

भात घरात आलं. आज मी तांदूळ निवडत होते. आई काठी टेकत आली आणि शेजारी बसली. आधी नुसते खडे काढत राहिली. मग म्हणाली, "उद्या चल. आपल्याच समुद्रावर. तू आणि मी, दोघीच. ओळखीचे भेटले तर भेटू देत."

हे वाक्य तिने मला म्हटलं. मिक्सर बंद होता, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. या नोंदीत दुरुस्ती लागणार नाही.

मला इतका आनंद झाला, की लगेच उठून तक्ता काढला.

उद्या नवमी. ओहोटी दुपारी एकच्या सुमारास. सकाळी पाणी सुरूपर्यंत असेल, आईने चालायचं कुठे? दुपारी ऊन. परवाही तेच. आईला सांगितलं, उद्या नको, नीट दिवस बघून जाऊ. ती म्हणाली, मी चालणार नाही गं, नुसती बसेन. मी म्हटलं, बसायचं तर नीट बसू. ती म्हणाली, बरं, आणि उरलेले खडे काढले.

सगळे पर्याय तपासले. डहाणूच्या समुद्रावर सकाळी सोयीची ओहोटी आता एकाच दिवशी आहे. त्या दिवशी वापीला जायचंय, हे माझ्या लक्षात आहे. सोमवारी हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशन एक दिवस पुढे नेता येईल का, ते विचारते. माणसं पुढेमागे होऊ शकतात, ओहोटी होत नाही. या वेळी कोणालाही विचारत बसणार नाही. सरळ जाऊन म्हणणार, आई, चपला घाल.

ठरलं. सोमवार, २० नोव्हेंबर. सकाळी आठ.