जुईची ओळ

कोपरखैरणे
४ ऑगस्ट १९९६

दादा,

आज माझ्या गाण्याच्या वर्गात झालं ते असं:

१. मी पेटीवर प्रश्नाची ओळ म्हटली, "सांगा, तुमच्या घरी कोण काय करतं?" उत्तर प्रत्येक मुलाने आपल्या शब्दांत, आपल्या चालीत, तिथल्या तिथे रचून गायचं.
२. तुझ्या जुईने गायलं, "माझा बाबा मस्कतला, त्याचा आवाज मी विसरली."
३. भावेश म्हणाला, "माजा बाबा नुसता वरडतो. तुला पायजे तर घेऊन जा!"
४. सगळी हसली. जुईही हसली.

तिने शेवटचा सूर वरच सोडून दिला होता. रबाळ्याच्या कारखान्यात मी दिवसभर मोजमापाची यंत्रं बिनचूक करते, त्यामुळे तो सूर दुरुस्त करायला हात आपोआप पेटीच्या पट्टीकडे गेला. मी हात मागे घेतला आणि म्हटलं, "छान. अजून एकदा गा."

दुसऱ्यांदा तिने वेगळंच गायलं. "बाबा फोनवर आधी खोकतो, मग जुई म्हणतो."

वहिनी गेल्यावर तू तिला माझ्याकडे ठेवलंस, त्याबद्दल तक्रार नाही. पण दिवाळीपासून तुझा फोन नाही. मी अशी पत्रं लिहिते आणि टपालपेटीत टाकत नाही. तू फोनला नाही म्हणालास, तर मला ते जुईला सांगावं लागेल. तू गप्प आहेस तोवर "बाबाला काम आहे" एवढं पुरतं.

हे पत्र मात्र टाकते आहे. तू तिला फोन करणार आहेस की नाही, ते ३१ ऑगस्टपर्यंत कळव.

स्नेहल