व्हरांड्यातली मुलं

१२ जाने. ७३, शुक्र.
भिंगारला मिलिटरी क्वार्टर्सचं बांधकाम पाहायला गेलो. निम्मी पाथर्डी दुष्काळानं इथं आणून टाकलीय. आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा वसुधाताई (यापुढे व.ता.; रोज पूर्ण नाव लिहिण्याची तिची लायकी नाही) शिक्षणाच्या महत्त्वावर बोलल्या. समोर बाया डोक्यावर घमेली घेऊन उभ्या. एक पोरगं जवळ आलं तर नाकाला रुमाल.
मी तरी कोण मोठी? शिक्षिकेचं ट्रेनिंग होऊन घरी बसलेय. व.ता.चे यजमान ज्या शिक्षणसंस्थेवर आहेत तिथं अर्ज पडलाय. म्हणून समाजसेवा.

१५ जाने.
साइटवरच्या मुलांना घ्या म्हणायला जवळच्या शाळेत गेलो. हेडमास्तर. पान चघळत. "वर्षाच्या मधूनच कुठं घ्यायचं? काम संपलं की उडतील, उवा मागे ठेवून."
व.ता. : "खरंय तुमचं."
शेवटी मेहरबानी झाली. मुलांनी व्हरांड्यात बसायचं, आतलं ऐकायचं. व.ता.नं रस्ताभर स्वतःचं अभिनंदन केलं.

१८ जाने.
मुलं आली. चंद्रकला, नऊएक वर्षांची, कडेवर भाऊ. आई गयाबाई सिमेंट कालवते, बाळ हिच्याकडे. हे.मा. : "हे पाळणाघर नाही." बाळ मी घेतलं, लिंबाखाली बसले. त्यानं पातळ ओलं केलं. आमच्या मंडळाकडून आजवर घडलेली खरी सेवा बहुधा एवढीच.
व.ता. फोटोग्राफर घेऊन आली. व्हरांडा छान आला म्हणे.

२२ जाने.
वर्गाच्या मास्तरांनी आत पाढा विचारला. कुणालाच येईना. चंद्रकलानं बाहेरून सांगितला, बरोबर. मास्तरांनी उठून खिडकी लावली.
काय हे शिक्षक! आणि मला यांच्यातच जायचंय.

२३ जाने.
व्हरांडा रिकामा. साइटवर गेले. गयाबाईनं हात थांबवला नाही.
"बाई, माजा बाप वर्गाच्या भाईर बसून शिकला. छप्पन साली आमी बौद्ध झालो तवा म्हनला, आता कुनाच्या दारात बसायचं न्हाई. आन मी पोरगी बसवू व्हय?"
"उवांमुळे म्हणतात ते," मी म्हटलं. (असं म्हणाले मी. लिहून ठेवते.)
"तवा बी कायतरी म्हनतच हुते."

२५ जाने.
व.ता.ला सगळं सांगितलं. "कमल, प्रेमानं घ्यावं. भांडलं की मिळालेलंही जातं." तिला काय मिळालंय ते दिसतंच आहे. उद्या शाळेत झेंडावंदनाची प्रमुख पाहुणी.

२६ जाने.
व.ता. रेशमी पातळात. समतेवर भाषण. लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. तेवढ्यात गयाबाई चंद्रकलाचा हात धरून सरळ पाहुण्यांच्या खुर्च्यांपुढे.
"गुर्जी, उद्या पोरगी कुटं बसवायची? आत का भाईर?"
"उद्या बघू."
"आत्ता सांगा. समदे हायेत."
एक कॅप्टन आला होता, तो हे.मां.कडे बघत राहिला. व.ता. उगाच टाळ्या वाजवायला लागली. कशाबद्दल, तिचं तिला ठाऊक.
"आत," हे.मा. म्हणाले. चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

२७ जाने.
चंद्रकला आत, बसायच्या पट्टीवर. शेजारच्या मुली सरकल्या. जागा द्यायला की लांब व्हायला, कळलं नाही. बाकीची साइटवरची मुलं आली तर त्यांना पुन्हा व्हरांडा. मी विचारलं. हे.मा. : "एकीचं कबूल केलंय. लाडावून ठेवू नका."
साइटवर जाऊन सांगितलं. गयाबाईनं घमेलं खाली ठेवलं. "मंजी माजं तोंड बंद केलं." मग बायांना हाका मारल्या. मुकादम ओरडत होता, हजेरी कापीन. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.
"सोमवारी समद्याजनी पोरं घिऊन येतो. वर्गातच बसवतो. तुमी येनार का?"
"येते," म्हणाले.

२८ जाने., रवि.
व.ता. घरी हजर. हे.मां.चा निरोप पोचलेला दिसतो. चहा घेतला, वर साखर मागितली.
"तुझा अर्ज वर आलाय, कमल. उद्या तू तिथं त्या बायांबरोबर दिसलीस तर यजमानांना मी काय सांगू?"
मी साखरेचं भांडं पुढे सरकवलं. तिनं तो होकार समजला, पाठीवर थोपटून गेली. अंगावर पाल पडल्यासारखं झालं.
आई आतून ऐकत होती. बशा उचलताना म्हणाली, "उद्या कोणतं पातळ नेसणार?"
कुठं जाणार, ते तिनं विचारलं नाही.