वरच्या गल्लीचं पाणी

३ मार्च
अजून दात घासतेय तोवर नगरसेविकेच्या दारात माणसं! एकाला शेजाऱ्याचा कुत्रा नको, एकीला सून नको. सून मी कुठे नेऊन ठेवू? एक काका म्हणाले, बागेतल्या बाकावर पोरं टवाळक्या करतात, बाकच काढून टाका. म्हटलं, काका, मग तुम्ही कुठे बसणार? रागावून गेले. गेलं एक मत.

सगळ्यांच्या मागे वरच्या गल्लीतली शिवणवाली. गप्प उभी. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत आणि त्या गल्लीत पाणीच चढत नाही. नळाला करंगळीएवढी धार, तीही आली तर आली. "ताई, बाबांच्या पाठीला जखमा झाल्यात. नर्सबाई म्हणते, रोज अंग पुसा, चादर रोज धुवा. कशानं धुऊ?" आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं वाटलं असतं. पाणी आणून देते, असा शब्द देऊन बसलेय.

४ मार्च
पाणीखात्याचा इंजिनिअर! "प्रेशर नाही, मॅडम." मग आणा की! "नवीन पंप लागेल. प्रस्ताव वर पाठवलाय." वर म्हणजे कुठे? देवाकडे? वर चहा मागवला माझ्यासाठी. यांच्या चहाला बरं पाणी मिळतं! कपाला हात लावला नाही.

६ मार्च
भांडून टँकर मिळवला, तर तो पायऱ्यांपाशीच अडकला. वरची गल्ली ती केवढीशी! बायकांची झोंबाझोंबी. अर्धं पाणी पायऱ्यांनीच प्यायलं. मी दोन बादल्या उचलून शिवणवालीच्या दारात नेल्या, तर फोटोवाला म्हणतो, "ताई, जरा परत उचला ना, तोंड नीट आलं नाही." बादली त्याच्याच डोक्यावर ओतणार होते. पाणी वाया गेलं असतं म्हणून वाचला.

आत डोकावले. म्हातारा कुशीवर वळून भिंतीकडे बघत होता. वास येत होता. त्यालाही कळत होतं. मान वळवली नाही त्याने.

९ मार्च
व्यायामशाळेची फीत कापली. व्हा सगळे पैलवान! पहिल्या रांगेत इंजिनिअर, दात काढून हसतोय. भर सभेत विचारलं, "साहेब, वरच्या गल्लीचं काय?" घरी येईपर्यंत यांना खबर पोहोचलेली. "तुझ्या जिभेला हाड नाही." नाही तर नाही! डोकं असं तापलं होतं की दोन बादल्या भडाभडा अंगावर ओतून घेतल्या, तेव्हा कुठे जरा शांत झाले.

११ मार्च
शिवणवालीचा फोन. वडिलांना ताप चढलाय, जखमा चिघळल्यात. नर्सबाई तिलाच ओरडली. तिलाच! डॉक्टर हॉस्पिटलात न्या म्हणतात, म्हातारा घर सोडायला तयार नाही. "ताई, होईल ना हो काहीतरी?"
उद्या मी स्वतः पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याबरोबर फिरणार. बस झालं इंजिनिअरचं प्रेशर.

१२ मार्च
भरभर लिहितेय. अक्षर लागणार नाही, न लागू दे.

चावीवाला खुशीत होता. नगरसेविका बरोबर चालतेय ना! खांद्यावर ती लांब लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी घालायची, फिरवायची. खालच्या सगळ्या गल्ल्या बंद केल्या की पाणी वर चढतं, म्हणाला. मग एका झाकणावरून तसाच पुढे गेला.

"अरे, हे राहिलं."
"हे नाही, ताई. ही तुमची लाइन." हसला! "तुम्ही निवडून आलात ना, तेव्हापासून ही आम्ही बंदच करत नाही. सगळं प्रेशर तुमच्याकडे! नगरसेविकेच्या घरचा नळ कोरडा बरा दिसतो का?"
"कुणी सांगितलं तुला?"
"असं कुणी सांगावं लागतं होय!"
"साहेबांना माहीत आहे?"
"सगळ्यांनाच माहीत आहे की."

चावी हिसकावून घेतली. व्हॉल्व्ह गंजलेला, हलेना. शेवटी दुपारी आणखी माणसं आणून बंद करवला. उद्यापासून पाणी चढेल. इंजिनिअरला फोनवर तोंडाला येईल ते बोलले. बोलता बोलता मध्येच फोन ठेवून दिला. परवा अंगावर ओतून घेतलेल्या त्या दोन बादल्या आठवल्या. कुणाला शिव्या घालत होते मी?

१३ मार्च
नळाला नुसती हवा. सूं सूं! हे बादली घेऊन उभे. "वा! तुझ्या राज्यात आपल्याच घरी पाणी नाही." म्हटलं, आत्ता कुठे माझं राज्य सुरू झालंय. सासूबाई बोलत नाहीत. न बोलू देत.
वरच्या गल्लीतून एकाचा फोन आला, पाणी धो धो आलंय. शिवणवालीला लावला, तिने उचलला नाही. भरत असेल. भरू दे बाईला पोटभर.

१४ मार्च
शिवणवाली आली होती. आत ये म्हटलं, आली नाही.
"परवा रात्रीच गेले बाबा. पण काल पाणी आलं, ताई. भरपूर आलं. शेवटची आंघोळ नीट घालता आली. तुमचे उपकार आहेत."
हात जोडले तिने. मला!